चाळिसाव्याचा दुवा

म्हातारी उतरायला उठली ती गाडी थांबायच्या आधीच. दाराच्या दांड्यात एक कोपर अडकवून तिने दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरले आणि म्हणाली, "सुखी राहा बाळा, तुझी चाकं सरळ धावोत, वाट मोकळी असो, पोराबाळांना तुझ्या उदंड आयुष्य मिळो." बिश्केकच्या मिनीबसमध्ये यात नवल काही नाही. म्हाताऱ्या भाडं देतात आणि वर दुवाही देऊन जातात. झापारने आजवर असे कितीतरी दुवे आरशातूनच मान हलवून घेतले होते. आज मात्र त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले. तळवे उघडले, कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून फिरले, ओठ "आमीन" म्हणाले, आणि तेवढ्यात पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढून धाडकन खाली आलं. कोणाचं तरी बटाट्याचं पोतं कलंडलं, उभी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. "अहो आके," थोरल्या भावाला हाक मारावी तशी मागून एक बाई म्हणाली, "दुवा घ्यायचाय तर गाडी उभी करून घ्या की. सगळ्यांना एकदमच वर पोचवताय काय?" लोक हसले. म्हातारीही हसत हसत, गुडघे सांभाळत उतरून गेली. झापारला हसू आलं नाही. तो आपल्या हातांकडे बघत राहिला, दुसऱ्याची गुरं आपल्या शेतात शिरलेली दिसावीत तसा.

हेच ते हात. यांना कोणी सांगितलं नव्हतं, आजही नाही आणि त्या दिवशीही नाही. गाडी पुन्हा रस्त्याला लावताना त्याला सकाळचं कानिशायचं बोलणं आठवलं. चहा ओतता ओतता, त्याच्याकडे न बघता, त्याची बायको म्हणाली होती, "दुपारी कोर्टात जायचंय. आज तरी हात खिशात ठेवा म्हणजे झालं." मुलाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणापासून ती असंच बोलत आली होती. आधी आरडाओरडा केला, मग रडली, मग कित्येक दिवस एक शब्द नाही, आणि आता हे असं, मीठ वाढावं तसं चिमूटचिमूट. झापार उलट बोलत नसे. बोलायला तोंड होतंच कुठे? उलट तिचा आवाज घरात आहे तोवर त्याला बरं वाटायचं. ती चिडलेली आहे म्हणजे अजून काहीतरी चालू आहे, मिटलेलं नाही, असं त्याच्या मनाने धरलं होतं. शेजारपाजारचे लोक हळूहळू निवले होते. तो स्वतः तर रागावण्याचा हक्कच गमावून बसला होता. राहता राहिली कानिशाय. ती रोज रागाने उठायची आणि रागाने झोपायची, आणि त्या मुलाचा, तिलेकचा खटला खरं म्हणजे तिच्या कपाळावरच्या दोन आठ्यांमध्ये चालू होता.

तिलेक बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा. वसंतात, जर्दाळू फुलले होते तेव्हा, कोणाचा तरी फोन चोरीला गेला म्हणून पोलिसांनी त्याला गाळ्यावरून उचललं. संध्याकाळी चौकीतून निरोप आला, पोराचं हृदय बंद पडलं. गल्लीतली बुरुल, शिवणकारखान्यात काम करणारी, तोंडाची फटकळ, दारात उभी राहून म्हणाली, "हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. कोणी पाडलं ते विचारा." झापारला त्या क्षणी तिचा राग आला होता. मयताच्या दारात असं बोलतात का? त्याला वाटत होतं, आधी मुलाला घरी आणू, मातीची वेळ साधू, मग बघू. आणि मग मयत धुणाऱ्यांनी तंबूचा पडदा लावून घेतला. धुणाऱ्यांत त्याचा मेहुणा तोक्तोसून होता. बापाने आत जायचं नसतं, म्हणून झापार बाहेर इतर पुरुषांसारखा काठीवर रेलून उभा होता, मोठ्याने रडत होता, रिवाजाप्रमाणे. पडदा वाऱ्याने हलला आणि त्याला मुलाचे तळपाय दिसले. तेवढेच. तळपाय काळेनिळे होते, पिकून फुटलेल्या फळासारखे. मग तोक्तोसूनने पडदा ओढून घेतला, आणि बाहेर आल्यावर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मयताच्या अंगावर धुणाऱ्याने जे पाहिलं ते धुणाऱ्यानेच ठेवायचं असतं, कोणापाशी बोललं तर पाप. झापार नंतर रात्रंदिवस विचार करायचा, की लहानपणी हाच पोरगा बर्फातून अनवाणी पळत शेळीमागे जायचा, आणि मी ओरडायचो, अरे पाय फुटतील.

बुरुलने तोक्तोसूनला सोडलं नाही. रोज संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन बसायची. "मेलेल्याची लाज झाकायची म्हणून गप्प राहायचं असतं, तोक्तोसून आके," ती म्हणायची, "तुम्ही झाकताय ती कोणाची लाज? तिलेकने काय केलं होतं लाजण्यासारखं?" शेवटी एक दिवस तो मान खाली घालून म्हणाला, विचारलं तर सांगेन. तिथून सगळं हललं. कारखान्यातल्या बायकांनी पांढऱ्या कापडावर तिलेकचं नाव लाल दोऱ्याने शिवलं, एवढ्या मोठ्या अक्षरांत की रस्त्यापलीकडून वाचता यावं. दर शुक्रवारी सगळी वस्ती सरकारी वकिलाच्या कचेरीसमोर उभी राहायची, तेव्हा नानवाला भट्टी विझवून यायचा आणि शाळेतल्या बाया पोरांना घेऊन यायच्या. झापारच्या मार्गावरचे ड्रायव्हर तिथून जाताना हॉर्न दाबून धरायचे, पार वळण येईपर्यंत. आत कचेरीत फोनवर बोलणं ऐकू येत नाही म्हणून शिपाई बाहेर येऊन शिव्या घालायचा. झापार पहिल्या रांगेत मुलाचा फोटो धरून उभा असायचा. त्याला भाषण येत नव्हतं, पण हॉर्नचा आवाज अंगातून गेला की छाती भरून यायची, वाटायचं, एवढं शहर आपल्या पोरासाठी ओरडतंय. महिना उलटायच्या आत त्या चौकीतल्या लेफ्टनंटला पकडलं. कोणाला खरं वाटेना. कानिशायने त्या दिवशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

आणि मग चाळिसावा आला. गल्लीत लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला, वस्तीतल्या बायका पहाटेपासून कढईत कणकेच्या वड्या तळत होत्या. नारीनच्या डोंगरातल्या त्याच्या गावाकडून वडीलधारी मंडळी आली, पुढे ओरोझबाय आके, ज्यांनी झापारच्या लग्नात दुवा दिला होता आणि तिलेकच्या बारशालाही. सोबत कापायला एक घोडी आणली होती. झापारला भरून आलं. गावाने आठवण ठेवली म्हणून त्याने घोडीच्या मानेवर हात फिरवला. तंबूत पुरुष दाटीवाटीने बसले, त्याने स्वतः मांसाचे वाडगे फिरवले. कोपऱ्यात एक अनोळखी म्हातारा होता, नवी कोरी उंच पांढरी टोपी घातलेला, अंग चोरून बसलेला. झापारने त्याच्यासमोर चांगला बरगडीचा तुकडा ठेवला. आलेल्या माणसाला तू कोण म्हणून कोणी विचारतं का? जेवण झालं, हात पुसले, ओरोझबाय आकेंनी तळवे उघडले, आणि त्याबरोबर तंबूतल्या प्रत्येकाने उघडले. वाऱ्याबरोबर गवत वाकतं त्यापेक्षा जास्त विचार त्यात नसतो. आके सावकाश बोलत होते. गेलेल्याची कबर उजळ राहो, आईबापाला सबुरी मिळो, धाकट्या लेकीचं लग्न थाटात होवो, कुरणं हिरवी होवोत. आवाज तोच, लय तीच, श्वासही तोडला नाही, आणि त्याच लयीत, "ज्या दोन घरांच्या मध्ये रक्त सांडलं ते रक्त आता निवो, बाप बापाला क्षमा करो, अल्लाहने लिहिलेलं अल्लाहवर सोपवलं जावो, आमीन." सगळा तंबू आमीन म्हणाला. सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले. झापारचेही फिरले. मग कोपऱ्यातला तो म्हातारा उठला, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला, त्याला मिठी मारली, आणि रडत म्हणाला, "भाऊ, उपकार झाले." तो लेफ्टनंटचा बाप होता. घोडी त्याची होती.

ऐकलं होतं का आपण? झापार स्वतःला पुन्हा पुन्हा हेच विचारायचा, रेड सिग्नलला, झोपताना, डिझेल भरताना. रक्त हा शब्द कानावर पडला होता, हे नक्की. त्या शब्दाला आणि आमीनला मध्ये अंतर होतं, हात खाली घेण्याइतकं अंतर होतं. पण वडीलधारा माणूस दुवा देत असताना उघडलेले हात मिटायचे म्हणजे काय करायचं, हे त्याला आयुष्यात कोणी शिकवलंच नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने उलट दिल्या असत्या, पैसे पुढे केले असते तर थुंकला असता. दुव्याचं काय करायचं? आणि त्याहून वाईट एक विचार होता, तो झापार पुरता वर येऊ द्यायचा नाही. त्या क्षणी, हात खाली येताना, त्याला क्षणभर विश्रांती वाटली होती. दमला होता हो तो. एवढे शुक्रवार फोटो उंच धरून खांदे भरून आले होते. ती विश्रांती आठवली की त्याला स्वतःची किळस यायची.

पडद्याआडून कानिशायने सगळं ऐकलं होतं. पाहुणे गेल्यावर तिने उरलेलं मांस पातेल्यासकट कुत्र्यांपुढे ओतलं. "खाल्लंत ना त्यांचं? पचलं का?" ती म्हणाली. "पोराच्या चाळिसाव्याला मारेकऱ्याची घोडी कापलीत, वर लोकांना वाढलीत." बुरुल तिथेच होती, ती म्हणाली, "कानिशाय, मीही दोन वाडगे रस्सा ओरपला. कोणाला ठाऊक होतं?" "तू आमीन म्हणालीस का?" कानिशायने विचारलं. बुरुलने कलंडलेलं पातेलं उचलून घासायला घेतलं. झापारने दुसऱ्या दिवशी ओरोझबाय आकेंना फोन केला, हे असं कसं केलंत आके, म्हणाला. पलीकडे बराच वेळ खोकला चालला, मग आके म्हणाले, "झापार, कोर्ट तुला काय देणार? त्या लेफ्टनंटचं गाव आपल्या गावाच्या वर, पाण्याच्या वाटेवर, उद्या त्यांनी पाणी अडवलं तर? तुझी पोरगी आहे अजून. मेलेला परत येत नाही, जिवंतांचं बघावं लागतं. मी म्हातारा, मला पाप लागू दे." त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. तेवढं असतं तरी बरं झालं असतं.

मग एकेक माणूस गळायला लागला. नानवाला म्हणाला, बापानेच क्षमा केली, आम्ही मधे कोण? त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. तोक्तोसून येऊन उंबऱ्यातच उभा राहिला. "दुवा झाल्यावर मी मयताचं अंग उघडं करू, भावजी? दोन पापं एकदम माथी घेऊ?" शुक्रवारी झापार तिथे उभा असताना त्याच्याच मार्गाची गाडी समोरून गेली, ड्रायव्हरने त्याला बघून हात केला, हॉर्न मात्र वाजवला नाही. सरकारी वकिलाने गुन्हाच बदलला. मारहाणीने मृत्यू हे गेलं, आणि कामात हलगर्जीपणा हे आलं. हलगर्जीपणात समेट चालतो. बुरुल आणि तिच्या चार बायका तेवढ्या उन्हाळाभर, पानगळभर उभ्या राहिल्या. "लोक विसरतात, आके," ती म्हणायची, "पण तुम्ही कोर्टात उभं राहून म्हणा, तक्रार आहे. दोनच शब्द. दुवा गेला खड्ड्यात." हे शेवटचं म्हणाली की ती पटकन जमिनीकडे बघायची आणि पुटपुटत तौबा करायची.

तर ते दोन शब्द घेऊन झापारने दुपारी रिकामी गाडी कोर्टाच्या आवाराबाहेर उभी केली. कानिशाय आणि बुरुल शेजारच्या सीटवर होत्या. शहरावर कोळशाचा धूर उतरला होता, घसा खवखवत होता. आत लहानशी खोली होती, हीटरची झळ एका बाजूला आणि दुसरी बाजू गारठलेली. ओरोझबाय आके बाकावर काठी धरून बसले होते, एवढ्या लांबून आले होते, शेजारी लेफ्टनंटचा बाप. लेफ्टनंट साध्या स्वेटरमध्ये होता, कोवळा, तिलेकपेक्षा फार तर थोडा मोठा, आणि नखं खात होता. झापारने त्याच्यात राक्षस शोधायचा प्रयत्न केला, सापडेना. न्यायाधीशबाईने चष्मा पुसत विचारलं, "तुमची आरोपीविरुद्ध तक्रार आहे का?" "आहे," झापार म्हणाला. मागे बुरुलने श्वास सोडलेला त्याला ऐकू आला. त्याला वाटलं, जमलं. मग लेफ्टनंटचा वकील उठला, अगदी नम्रपणे, खोली ओळखीची असल्यासारखा. "आके, मुलाच्या चाळिसाव्याला समेटाचा दुवा झाला, खरं ना?"

झापारने ओरोझबाय आकेंकडे पाहिलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते, काठीच्या मुठीकडे बघत होते. नाही म्हणावं. एवढंच तर म्हणायचं. पण म्हाताऱ्याला भर कोर्टात खोटं पाडायचं, ज्याने तिलेकच्या कानात त्याचं नाव सांगितलं होतं त्याला? "झाला," तो म्हणाला.

"तुम्ही हात उघडले होते?"

"उघडले होते."

"आणि आमीन म्हणालात?"

"म्हणालो. पण मी," झापार म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्याकडे होतं, कित्येक महिने त्याने ते गाडी चालवता चालवता जुळवलं होतं, की हात माझे होते पण, की मला वाटलं कुरणांचा दुवा आहे, की त्याचे तळपाय मी पाहिलेत. यातलं काहीच एका मागोमाग बाहेर येईना. न्यायाधीशबाई थांबली, खरंच थांबली, तिने घाई केली नाही. "पण काय?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. ते दोन शब्द असे निघून गेले. समेट झाला असल्याने खटला बंद, असं तिने वाचून दाखवलं, आणि लेफ्टनंट नखं खायचा थांबला.

आवारात आल्यावर कानिशाय काही बोलली नाही. झापार वाट बघत होता. बोल ना, म्हणाव्या तेवढ्या शिव्या दे. ती पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, ओठ घट्ट मिटलेले, आणि तिच्या पाठीकडे बघूनही त्याला कळत होतं की आठ्या जागच्या जागी आहेत. तेवढ्यावर त्याला धीर आला. कोर्ट बंद झालं, पण ही आहे. ही मरेपर्यंत सोडायची नाही, त्यांना आणि मलाही. तेवढ्यात दारातून एक बाई आली, बारकी, पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेली, पाय ओढत. ही लेफ्टनंटची आई, हे कोणी सांगायची गरज नव्हती. बुरुल मधे झाली, "इकडे नको, बाई, तुमच्या लेकाला घेऊन घरी जा." पण त्या बाईला ते ऐकूच गेलं नसावं. ती कानिशायच्या गळ्यात पडली आणि तिने सूर काढला, मयताच्या घरी पहिल्यांदा भेटायला गेलेली बाई काढते तसा, लांब, उतरत्या पायऱ्यांचा. "भरल्या घरातून उडालं गं पाखरू, रिकामं घरटं मी कोणत्या तोंडानं बघू, आई तुझी आणि आई मीही, कोणाला सांगू गं, कोणाला सांगू."

कानिशायचे हात सरळ खाली लोंबत होते. झापार त्या हातांकडे टक लावून बघत होता. राहू देत तसेच, तो मनात म्हणत होता. ढकल तिला. थुंक. पाहिजे तर मला मार. बाईचा सूर दुसऱ्यांदा चढला आणि उतरला, आणि शेवटच्या पायरीवर थांबला, कारण तिथे थांबायचंच असतं, तिथून समोरचीने उचलायचं असतं, आणि नाही उचललं तर तो सूर तसाच हवेत उघडा राहतो, आणि ते कोणाही बाईला सोसत नाही. आवारातली माणसं उभ्या जागी थबकली. कानिशायच्या गळ्यातून आधी नुसता खरखर आवाज आला. मग सूर आला. "माझा कोवळा कोंब गं, वाऱ्यानं नाही, हातांनी मोडला," असा सुरू झाला, पण दुसऱ्या ओळीत फक्त पाखरू होतं आणि आई होती आणि रिकामं घर, आणि तिचे हात वर आले, त्या बाईच्या पाठीवर घट्ट मिटले, आणि दोघी मिळून डुलू लागल्या. बुरुलने तोंड फिरवलं. लेफ्टनंट गेटजवळ मान खाली घालून उभा होता. ओरोझबाय आके डोळे पुसत म्हणाले, "झालं. बरं झालं." झापार दोन पावलं पुढे गेला, तिला ओढून काढायला, पण सूर धरलेल्या बायकांना कोणी हात लावत नाही, आणि तो तिथेच थांबला.

रडून झाल्यावर कानिशायने बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं, त्या बाईच्याही हातावर पाणी ओतलं. तिचा चेहरा मोकळा, दमलेला, आजारातून उठलेल्या माणसासारखा होता. कपाळावर काही नव्हतं. झापारने नीट पाहिलं, खरंच काही नव्हतं. आता तिलेकच्या बाजूने रागावलेलं माणूस कुठेच उरलं नाही, हे त्याला उमगत गेलं, आणि त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडायचं हे सुचेना. "यांना स्टँडवर सोडायचंय," कानिशाय त्याला हळू आवाजात म्हणाली, कित्येक महिन्यांत बोलली नव्हती अशा साध्या आवाजात. "गाडी चुकेल त्यांची. म्हातारी माणसं आहेत." बुरुल म्हणाली, मी चालत जाते, आणि खरंच चालत निघून गेली, मागे न बघता.

झापारने दार उघडलं. आधी ओरोझबाय आके चढले, मग लेफ्टनंटचा बाप, मग खुद्द लेफ्टनंट, स्वेटरची बाही ओढत, सगळ्यात मागच्या सीटवर. त्याच्या आईचा पाय पायरीवरून घसरला तेव्हा कानिशायने तिला कोपराला धरून वर घेतलं आणि खिडकीजवळ, जिथे ऊब असते, तिथे बसवलं. मग स्वतः तिच्या शेजारी बसली. झापारने सगळे नीट बसल्याची खात्री केली, आणि गाडी सुरू केली.